वाइडनर बाईंची अट आणि ७५ यार्ड

मुलगा टायटॅनिकवर बुडाला म्हणून अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाला ग्रंथालय देताना वाइडनर बाईंनी प्रत्येक विद्यार्थ्याला पोहता आलंच पाहिजे अशी अट घातली, असं कुणीतरी लिहिलंय. त्यांचा मुलगा हॅरी वाइडनर १९१२ मध्ये त्या जहाजासोबत बुडाला, आईने ग्रंथालय बांधून दिलं, इथपर्यंत खरं. अट ही मात्र दंतकथा. (त्या बर्फगार पाण्यात पोहता येऊन तरी काय झालं असतं? होड्या कमी होत्या!)

काही विद्यापीठांतल्या पोहण्याच्या परीक्षा मात्र खऱ्या आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीत १०० यार्ड पोहावं लागतं, तिथल्याच कॉर्नेल विद्यापीठात ७५, म्हणजे जेमतेम ६९ मीटर. चीनच्या छिंगह्वा विद्यापीठानेही २०१७ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी ५० मीटरचा नियम केला.

भाची कॉर्नेलला चालली आहे, असं इथे ज्या ताईंनी लिहिलंय, त्यांनी काळजी करू नये. तिथे वेग बघत नाहीत. मध्ये तळाला पाय टेकायचे नाहीत की काठ धरायचा नाही. नाहीच जमलं तर तिथेच पोहण्याचा प्राथमिक वर्ग घ्यावा लागतो आणि तो शारीरिक शिक्षणात धरला जातो. खरी अडचण पाण्याच्या खोलीची. सोसायटीच्या तलावातल्या छातीभर पाण्यात शिकलेली मुलं खोल पाण्यात बिचकतात. निघायच्या आधी महिनाभर पोहण्याच्या खोल तलावात सराव होऊ द्या.