चूक पोटात घालायची की पदरात?

प्रश्न : आठवीतल्या पोरीनं 'वाक्यात उपयोग करा'मध्ये लिहिलं, "सासूने सुनेची चूक पदरात घातली." बाईंनी खोडलं. मला तर बरोबर वाटत होतं. आमच्या अकोटकडं लेक सासरी धाडताना म्हणतातच ना, "पोरगी तुमच्या पदरात टाकली, चुकलंमाकलं पोटात घाला"?

प्रतिसाद : घोळ तिथंच झाला. लेक पदरात जाते, चूक पोटात. चूक पदरात घालणे म्हणजे ज्याची त्याला दाखवून कबूल करायला लावणे. पोटात घालणे म्हणजे कळूनसवरून क्षमा करणे. क्षमा शब्दातला 'क्षम्' धातू सोसण्याचाच आहे. 'माफ' अरबीतून फारसीमार्गे आला, त्यात ते सोसणं ऐकू येत नाही.

दुसरा प्रतिसाद : 'पाठीशी घालणे' राहिलं! पोटात घालणारा चुकीला चूक म्हणतो, पाठीशी घालणारा म्हणतच नाही. गावात भांडणं या तिसऱ्यापायीच जास्त.
आमच्या शेजाऱ्यानं वखरता वखरता धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, कोरला होता. बाबांनी दोरी धरून दाखवला, तो मान खाली घालून उभा. इथवर पदरात. मग बाबा म्हणाले, "चाल, चहा घे." हे झालं पोटात. आई मात्र दोन वर्षं धुसफुसत होती, तिच्यासाठी कोणता वाक्प्रचार ते तुम्हीच सांगा.

पहिलाच पुन्हा : एक गंमत बघा. 'मी माझी चूक पोटात घातली' असं कोणी म्हणत नाही. 'स्वतःला माफ केलं' हे अलीकडचं, मला जरा पुस्तकी वाटतं. आपल्या चुकीला दुसऱ्याचं पोट लागतं.

तिसरा प्रतिसाद : अन् ते पोट माणसाचंच पाहिजे असं नाई. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, आमचा आबा बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळे. जू घासून केस गेलेल्या जागेवर हात आला की थांबे. वर्षभर तुतारी, म्हणजे बैल हाकायची अणकुचीदार काठी, टोचणारा तोच हात. हळूच म्हणे, "चुकलंमाकलं पोटात घाल, राज्या." मग नेहमीचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

प्रश्नकर्ती : पोरीला सगळं वाचून दाखवलं. म्हणते, "म्हणजे बाईंनी माझी चूक पदरात घातली, पोटात नाही घातली." अर्धा मार्क गेला तो गेलाच.