बर्डीच्या दुकानात चोरीचं कार्ड चाललं, आता बँकेने आमचेच पैसे अडकवले

बर्डीवाला:
नमस्कार मंडळी. सीताबर्डीत आमचं चप्पल-बुटांचं दुकान आहे. मागच्या महिन्यात संध्याकाळच्या गर्दीत एक जण आला, महागातला स्पोर्ट्स शू घेतला, कार्ड टॅप केलं अन् गेला, थोड्या वेळाने परत येऊन दुसरा जोड, मग अजून एक, प्रत्येक बिल पाच हजाराच्या आतलं म्हणून मशिनने पिन मागितलाच नाही. आता ज्या बँकेची मशीन आहे त्यांचा मेल आलाय, कार्डवाला म्हणतो हे व्यवहार माझे नाहीत, आणि तेवढी रक्कम आमच्या खात्यात होल्ड! माल गेला तो गेलाच, वरून पैसेही गेले. फोन केला की दरवेळी नवीन माणूस नवीनच सांगून राहिला. उत्तर काय द्यायचं? बाबा फार टेन्शनमध्ये आहेत.

इतवारी_ट्रेडर:
भाऊ, सगळ्यात आधी मेलमधली शेवटची तारीख पहा. त्या तारखेच्या आत कागद नाही गेले तर केस तशीच हरल्या जाते, मग तुमची बाजू कितीही खरी असो. फोनवर बोलण्यात वेळ नका घालवू, मेललाच उत्तर द्या. तिन्ही व्यवहारांच्या चार्ज स्लिप (मशीनमधून निघते ती पावती), जीएसटी बिलं, मशीनचा त्या दिवशीचा सेटलमेंट रिपोर्ट (दिवसभराच्या कार्ड व्यवहारांचा हिशोब), सगळं एकाच पीडीएफमध्ये. स्लिपवर अप्रूव्हल कोड, म्हणजे बँकेने व्यवहार मंजूर केल्याचा नंबर असतो आणि कार्ड टॅप झालं की चिप घातली तेही छापलेलं असतं, तोच तुमचा पुरावा आहे. कार्ड दुकानात हजर होतं, मशिनने बरोबर वाचलं, बँकेने अप्रूव्ह केलं, तर चोरीच्या कार्डाचा भार साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. नंबर हाताने टाईप करून पैसे घेतले असते तर मात्र दुकानदारच अडकतो, म्हणून ते कधीच करू नये. आणि स्लिपचा आजच फोटो काढा, थर्मल कागद आहे, काही महिन्यांत कोरा होतो.

पूर्वा_धरमपेठ:
मी दुसऱ्या बाजूची, माझी पर्स महालच्या गर्दीत गेली होती आणि असेच छोटे छोटे टॅप झाले होते. विनापिन टॅपची मर्यादा आधी 2000 होती, 1 जानेवारी 2021 पासून 5000 झाली, चोरांना ती पक्की माहीत असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या नियमाप्रमाणे चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि मेसेज आल्यापासून 3 कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच येत नाही, आणि कार्ड बंद करायला सांगितल्यावर जे काही होईल ते बँकेचं. त्यामुळे त्या कार्डवाल्यावर राग नका धरू हो, त्याने जे करायला पाहिजे तेच केलं. ज्यांना टॅप लागतच नाही त्यांनी ॲपमध्ये जाऊन ते बंद करून ठेवा, आत्ताच!!

सदरचा_सीए:
दोघांचंही बरोबर आहे. मी एवढंच जोडतो की सीसीटीव्हीचं फुटेज पेनड्राईव्हवर काढलं का? बहुतेक डीव्हीआरवर (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यावर) जुनं आपोआप पुसल्या जातं. बर्डी पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, ती पण बँकेला जोडा. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.

बर्डीवाला:
खूप आधार वाटला. फुटेज आहे, काढून ठेवलं. एक विचारायचं होतं, तसाच माणूस पुन्हा आला तर पोरांनी काय करावं? आमचा एक पोरगा म्हणतो पकडून ठेवू.

इतवारी_ट्रेडर:
पकडायचं नाही, हात पण लावायचा नाही, कोणाजवळ काय असेल सांगता येत नाही बावा. दुसऱ्यांदा टॅप करायला आला की नम्रपणे म्हणायचं, चिप घालून पिन टाका. खरा मालक असेल तर टाकतोच. नाही म्हणाला तर बिल कॅन्सल, माल काउंटरच्या आत. आणि कोणी कार्डवर घेतलेला माल परत आणून रोख मागितली तर साफ नाही म्हणायचं, रिफंड त्याच कार्डावर. उद्या बाबांना घेऊन माझ्या दुकानावर या, माझ्या जुन्या केसची फाईल दाखवतो, तसंच उत्तर तयार करू.