आर्मेनियन संगीत: सुरुवात कुठून करू? मदत हवी आहे

मंडळी, जरा मदत करा. आमचा छोटासा श्रवणगट आहे, पुढची पाळी माझी आणि मी "आर्मेनियाचं संगीत ऐकवतो" असं बोलून बसलोय. भाची येरेवानला एमबीबीएस करतेय, ती लिंका पाठवत असते, त्यातून दुदुकचं वेडच लागलं. जर्दाळूच्या लाकडाचं वाद्य, तोंडाशी ही रुंद पत्ती, सनईच्या घराण्यातलंच पण आवाज एकदम खालचा आणि मऊ. जिवान गास्पार्यान (१९२८-२०२१) तुम्ही ऐकलाय, नाव माहीत नसलं तरी, ग्लॅडिएटर सिनेमात त्याचाच दुदुक आहे.

पण दीड तास दुदुक लावला तर अर्धे रडतील, उरलेले झोपतील. एक जण धून वाजवतो, दुसरा नुसता एक स्वर धरून बसतो (त्याला दम म्हणतात), सुंदरच आहे, पण सगळं असंच उदास असतं का हो? लग्नाबिग्नात काय वाजतं? भाची म्हणते टॅक्सीत सगळीकडे रबीझ नावाचा प्रकार चालू असतो आणि तिथले दर्दी लोक त्याला नाकं मुरडतात. तो घेऊ का? सिस्टम ऑफ अ डाउन घेऊ का, चौघंही आर्मेनियन वंशाचे पण दणदणीत मेटल बँड, तोही लॉस एंजेलिसचा, आणि गटातले काका ७५च्या पुढचे.

अजून एक, पेटीवर एक लोकधून बसवत होतो तर खाली ग शुद्ध लागतो आणि वरच्या सप्तकात तोच कोमल. माझा कान गंडलाय की तिथे असंच असतं?

प्रतिसाद १
कान ठीक आहे. त्यांचं सप्तक आपल्यासारखं सा ते सा बंद होत नाही, चार-चार स्वरांचे तुकडे साखळीसारखे जोडतात, एकाचा शेवटचा स्वर तोच पुढच्याचा पहिला. सा रे ग म झालं की त्याच अंतरांनी म प ध आणि कोमल नि, मग त्या नि पासून पुन्हा तसंच, सा रे आणि कोमल ग. झालं, वरचा ग कोमल. हे गटात पेटीवर दाखवाच, नुसत्या प्लेलिस्टपेक्षा लोकांना मजा येईल.

प्रतिसाद २
उदासच कशाला? झुर्ना (सनईसारखं खणखणीत वाद्य) आणि ढोल शोधा, उघड्यावर वाजवायची जोडी, आणि कोचारी नाच, खांद्याला खांदा लावून ओळ करतात. सुरुवात त्यानेच करा, दुदुक मधे. सायात-नोव्हा सोडू नका, १८व्या शतकातला आशुग म्हणजे गाणारा कवी, जॉर्जियाच्या दरबारात होता, आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी तिन्ही भाषांत रचना केल्या, हातात कमांचा, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य. संगीतकार खाचातुरियान दोन मिनिटं पुरे, त्याचा तो तलवार नाच काकांनी सर्कशीत कधीतरी ऐकलेला असणारच.

प्रतिसाद ३
वेळ द्यायचाच तर कोमितासला द्या. जन्म १८६९, धर्मगुरू होता, गावोगाव फिरून हजारो लोकगीतं उतरवून घेतली. २४ एप्रिल १९१५ ला इस्तंबूलमध्ये आर्मेनियन विचारवंतांची धरपकड झाली त्यात यालाही नेलं. परत आला पण मन सावरलं नाही, पुढची वीसेक वर्षं संगीत जवळपास बंद, १९३५ ला पॅरिसच्या इस्पितळात गेला. तेव्हा ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांची जी कत्तल झाली तिच्यात गावंच्या गावं संपली, त्यामुळे कित्येक गाणी आज आहेत ती त्याच्या वह्यांमुळे. हे आधी सांगा आणि मग गाणं लावा, उलट नको.

प्रतिसाद ४
चहाच्या वेळेसाठी: आपल्या गौहर जानचे वडील आर्मेनियन वंशाचे होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात जिच्या रेकॉर्ड निघाल्या तीच. तिचं गाणं मात्र शंभर टक्के आपलं, त्यामुळे आर्मेनियन म्हणून वाजवू नका, उगाच वाद होईल.

धागाकर्ता
वा, धन्यवाद! पण नवीन काय घेऊ ते कुणीच सांगितलं नाही.

प्रतिसाद ३
तिग्रान हमास्यान, आर्मेनियातल्या ग्युमरी शहराचा पियानिस्ट, जन्म १९८७. २०१५ चा त्याचा चर्चसंगीताचा अल्बम आहे, येरेवानचं गायकवृंद जुनी स्तोत्रं गातं आणि हा पियानोवर आपलं काहीतरी करत बसतो, कोमितासनंतर लगेच लावलात तर धागा आपोआप जुळेल. रबीझ एकच, चव कळण्यापुरतं. आणि सिस्टम ऑफ अ डाउन अगदी शेवटी घ्या, १९१५ ला शंभर वर्षं झाली तेव्हा येरेवानच्या चौकात त्यांनी फुकट कार्यक्रम केला होता, तेवढं सांगितलंत की काका ऐकून घेतील. आवाज मात्र आधी कमी करून ठेवा.