परदेशवारीआधी डॉलर-युरो कुठून घेता? गोवेकरांनो, अनुभव लिहा

चवथ आटपली की आम्ही व्हिएतनामला निघतोय, आम्ही दोघं आणि सासूबाई. तिकिटं, व्हिसा झाला, आता पैशांचा घोळ. तिथलं चलन डाँग, ते इथे सहसा मिळत नाही, डॉलर न्या आणि तिथे मोडा असं सगळेच सांगतात. कळंगुट-बागा पट्ट्यात तर पावलापावलावर मनी एक्स्चेंजचा बोर्ड आहे, म्हणून काल म्हापशाहून स्कूटर घेऊन गेले, तर एक म्हणे डॉलर नाहीत, दुसरा म्हणे आम्ही फक्त घेतो, देत नाही. म्हणजे रशियन पाहुणा नोट घेऊन आला की रुपये मोजून हातात, आणि गावची बाई रुपये घेऊन उभी राहिली की ह्यांचे हात वर! कुठून घेता, कॅश किती, कार्ड किती, सगळं लिहा. मोघम नको.

कळंगुटकार
ताई, तो दुसरा खोटं बोलला नाही. मी अशाच काउंटरवर काही सीझन बसलोय. पट्ट्यातली बरीच दुकानं म्हणजे कुठल्यातरी मोठ्या मनी चेंजरची फ्रँचायझी, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने फ्रँचायझीने परकी नोटा घेऊन रुपये द्यायचे एवढंच, उलटं नाही. विकायला फुल फ्लेज्ड मनी चेंजर किंवा परकी चलनाचं लायसन्स असलेली बँक लागते. त्यामुळे बाहेरचा बोर्ड वाचू नका, आत भिंतीवर लायसन्स लावलेलं असतं ते वाचा.
आणि दर विचारताना 'डॉलर काय भाव' असं नाही विचारायचं, फळ्यावर दोन रकाने असतात, घ्यायचा एक आणि विकायचा एक, तुम्हाला विकायचा लागू होतो आणि तो नेहमी चढा. सरळ म्हणायचं, पाचशे डॉलर हवेत, जीएसटी धरून एकूण किती रुपये देऊ. जीएसटी तसा किरकोळ, २५ हजारांपर्यंतच्या खरेदीला ४५ रुपये. खरी कमाई दरात असते, म्हणून 'नो कमिशन' वाचून खूश होऊ नका.

फोंड्याचा
मी बँकेतून घेतले. शाखेतल्या पोराने मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने कॉम्प्युटरकडे. नोटा त्यांच्याकडे नसतात, मागवाव्या लागतात, त्यात मध्ये शनिवार-रविवार आणि कसलीशी सुट्टी, मग निघायच्या आदल्या दिवशी फोन आला की या. ए-टू फॉर्म (परकी चलन घेण्याचा अर्ज), पॅन, पासपोर्ट, तिकिटाची झेरॉक्स हे सगळं न्या. रोख रुपये देणार असाल तर ५० हजारांच्या आत, वर गेलं की चेक किंवा ट्रान्स्फर. आणि परकी नोटा एका वारीला ३००० डॉलरपर्यंतच, बाकी कार्डावर. (इराक-लिबियासारख्या काही देशांना वेगळे नियम आहेत, पण तिथे सासूबाईंना कोण नेणार.)

शिपीची बायको, कुठ्ठाळी
आमच्याकडे वेगळाच त्रास! नवरा क्रूझवर, तो रजेवर आला की अर्धा वाडा दारात. गो, दोनशे डॉलर दी गो, पोराला दुबईला जायचंय. नाही म्हटलं की तोंड वाकडं. पण ते कायद्यात बसत नाही, नोटा घरात ठेवायला २००० डॉलरपर्यंत हरकत नाही, पण शेजाऱ्याकडून रुपये घेऊन विकल्या की फेमा, म्हणजे परकी चलनाचा कायदा मोडला, कारण परकी चलनाचा व्यवहार लायसन्सवाल्याकडेच करायचा. शिवाय त्या टिपच्या नोटा, एक-एक पाच-पाचच्या, मऊ पडलेल्या, एकीवर तर कोणी पेनाने कसलासा हिशोब मांडलेला. लहान नोटांना पूर्वेकडच्या देशांत दरही कमी देतात.

मडगावची मावशी
लेक लिस्बनला असते, म्हणून जाणंयेणं असतं. युरो थोडेच नेते, वीस आणि पन्नासच्या नोटा मागून घेते. काउंटरवाला मोठ्या नोटा सरकवतो, त्या परत करायच्या, लाजायचं नाही. तिथे पोचल्यावर मल्टीबांकोच्या, म्हणजे तिथल्या बँकांच्या एटीएम मशीनमधून काढते. काही मशीनं 'रुपयांत दाखवू का' विचारतात, तिथे नाही म्हणा बाबांनो, नेहमी तिथल्याच चलनात! रुपयांत केलं की दर त्यांचा. दुकानातल्या कार्ड मशीनलाही हेच.

डिचोलीकर
व्हिएतनाम करून आलोय. शंभर-शंभरच्या नव्या निळ्या पट्टीवाल्या नोटाच मागून घ्या, २०१३ पासूनच्या. जुन्या लहान डोक्याच्या नोटेला तिकडे नाक मुरडतात, घडी, शिक्का, पेनची रेघ असली तरी तेच. डॉलर बँकेत मोडा. आणि सासूबाईंना आधीच दाखवून ठेवा, २० हजार डाँगची नोट आणि ५ लाखांची नोट दोन्ही निळ्या, दोन्ही प्लास्टिकच्या, रात्री टॅक्सीत बसून शून्यं मोजायला लागलात की झालंच. ५ लाखांच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. परत येताना डाँग संपवून या, इथे कोण घेणार?

कळंगुटकार
आम्ही तर घेत नव्हतो.

फोंड्याचा
डॉलर उरले तर मात्र चिंता नाही. २००० पर्यंत ठेवता येतात, त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत मोडायचे. पुढच्या वारीला कामी येतात, उगाच कमी दराने विकू नका.

(धागाकर्ती) देव बरें करूं सगळ्यांना! पणजीत एका फुल फ्लेज्डवाल्याकडून घेतले, तिघांचेही पासपोर्ट दाखवून. सासूबाईंनी काउंटरवरच नोटा उजेडात धरून बघितल्या, एकीवर बारीक शिक्का निघाला, बदलून मागितली, त्याने गुपचूप दिली. आता कार्डाचं सांगा, आमच्या साध्या डेबिट कार्डाने तिथलं एटीएम चालेल का?

डिचोलीकर
चालेल, पण आधी अॅपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर चालू करा, २०२० पासून तो बऱ्याच कार्डांवर बंदच असतो. बँकेला मार्कअप (परकी चलनाच्या व्यवहारावरचा जादा आकार) किती लावता तेही विचारा, काहींचा साडेतीन टक्के आणि वर जीएसटी, काहींचा शून्य. आणि एकच कार्ड नेऊ नका, दुसरं सासूबाईंच्या पर्समध्ये. त्यांची पर्स कोणाची हिंमत होणार नाही उघडायची.