मदत हवी आहे : एम.फिल. की थेट पीएच.डी.?

नमस्कार मंडळी. मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी). सात वर्षं एका मनोरुग्णालयात समुपदेशन आणि घरभेटींचं काम केलं. आता स्किझोफ्रेनिया असलेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या जीवनमानावर संशोधन करायचं मनात आहे.

पहिली अडचण पदवीची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येनुसार मनोरुग्ण सामाजिक कार्यकर्ता (सायकियाट्रिक सोशल वर्कर) म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूनंतर त्याच विषयातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. (पीएच.डी.च्या आधीची संशोधन पदवी) लागतं. आणि यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये एम.फिल.च बंद करायचं ठरवलं! वय छत्तीस, घरी दोन पोरं. मग थेट पीएच.डी. केली तर पुढे प्राध्यापकी सोडून काही हाती लागतं का? कोणी या वाटेने गेलं असेल तर खरं काय ते सांगा.

दुसरी अडचण प्रश्नावलीची. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची जीवनमान प्रश्नावली सरावासाठी एका मावशींना विचारून पाहिली. मुलगा वीस वर्षं आजारी. त्या पावटे सोलत होत्या. ‘आयुष्याचा आनंद किती घेता?’ म्हटल्यावर हात थांबला, मग हसून म्हणाल्या, “आज तो जेवला, एवढं लिही.” उत्तर एक ते पाच गुणांत नोंदवायचं असतं, त्यात हे कुठे बसवू? लैंगिक जीवनाबद्दलचा प्रश्न तर माझ्याच्याने विचारवलाच नाही. पण गाळला तर गुणांकनाचं काय करायचं?

गावाकडे अशी मुलाखत घेतलेल्यांनी हे प्रश्न कसे विचारले? आकड्यांच्या जोडीला मोकळ्या मुलाखती घेतल्या तर गाईड मंडळी नाकं मुरडतात का?