ट्रेडिंग विंडो बंद आणि ईसॉपची मुदत संपत आलीये, काय करता येईल?

कोथरूडकर
लिस्टेड कंपनीत वित्त विभागात आहे, त्यामुळे नाव डेझिग्नेटेड पर्सनच्या (आतली माहिती कळू शकते म्हणून शेअर व्यवहारांवर बंधनं असलेल्यांच्या) यादीत. 1,200 ईसॉप (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क) व्हेस्ट झालेत, म्हणजे वापरता येतात; एक्सरसाइजची (हक्क वापरून शेअर घेण्याची) मुदत 20 जानेवारी. ट्रेडिंग विंडो (आम्हाला शेअर व्यवहाराची मुभा असलेला काळ) तिमाही निकालांसाठी 1 जानेवारीपासून बंद. एक्सरसाइज किंमत 100 रुपये, बाजारभाव 600 च्या आसपास. नोव्हेंबरात बाजारातून घेतलेले 300 शेअरही आहेत. आत्ता एक्सरसाइज चालेल का? नंतर विकले तर कॉन्ट्रा ट्रेड (6 महिन्यांच्या आत उलटा व्यवहार) होईल का? बायको स्वतःच्या पगारातून हाच शेअर घेते, तिलाही बंदी आहे का?

रोखेबहाद्दर
एक्सरसाइज बिनधास्त करा. किंमत आधीच ठरलेली असते, म्हणून सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत विंडो बंद असतानाही त्याला मुभा आहे. विक्रीला मात्र नाही.

लोक फसतात ते 'कॅशलेस' पर्यायात. त्यात ब्रोकर काही शेअर लगेच बाजारात विकून किंमत आणि टॅक्स वळता करतो, म्हणजे बंद विंडोत विक्री झालीच. तेव्हा पैसे खिशातून घालावे लागतील: कंपनीला 1,20,000. वर फरकाचे 500 × 1,200 = 6,00,000 पगारात धरले जातील, त्यावर 30% स्लॅब आणि सेस मिळून 1,87,200. एकूण 3,07,200. (600 हा धरून चाललेला आकडा, खरा भाव एक्सरसाइजच्या दिवशीच्या पहिल्या आणि शेवटच्या भावाची सरासरी.)

एवढी रोकड नसेल तर शेअर तारण ठेवून कर्ज काढता येतं. खऱ्या गरजेसाठीचं तारण बंद विंडोतही चालतं, पण कंप्लायन्स ऑफिसरची (कंपनीत हे नियम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची) पूर्वपरवानगी हवीच. तारण ठेवणं हेही नियमांच्या भाषेत 'ट्रेडिंग'च आहे.

निफाडचा_सीएस
कॉन्ट्राचं उत्तर. ईसॉप एक्सरसाइज ही 'खरेदी' धरत नाहीत, त्यामुळे ते शेअर विंडो उघडल्यावर विकले तर कॉन्ट्रा होत नाही. नोव्हेंबरचे 300 मात्र खरेदीपासून 6 महिने हलवायचे नाहीत. आणि ईसॉपचे विकले की त्या विक्रीपासून 6 महिने बाजारातून नवी खरेदी बंद. बोनस (फुकट मिळालेले शेअर), राइट्स (भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर), बायबॅक (कंपनीने शेअर परत विकत घेणं) यांना ही अट नाही.

खरी गोची डीमॅटची. दोन्ही शेअर एकाच खात्यात असतील तर आयकर 'आधी आलेले आधी गेले' असं धरतं, आणि कागदावर 300 आधी विकले गेल्यासारखं दिसतं. मग कंप्लायन्सला पत्रं लिहीत बसा. ईसॉप वेगळ्या डीमॅटमध्ये घ्या. हा हिशेब खातेनिहाय होतो. कॉन्ट्रा ठरलाच तर नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा करावा लागतो.

विंडो निकाल जाहीर झाल्यावर 48 तासांनी उघडते. हे घड्याळाचे तास आहेत, बाजाराचे दिवस नव्हेत. शुक्रवारी संध्याकाळी 6 ला निकाल एक्स्चेंजवर आला, तर सोमवारी सकाळी विकता येतं.

शेअरशास्त्री
वहिनींचं उत्पन्न स्वतंत्र आहे ना? मग त्या 'जवळच्या नातेवाईक' व्याख्येत बसत नाहीत.

निफाडचा_सीएस
@शेअरशास्त्री, चूक. आर्थिक अवलंबित्व किंवा 'सल्ल्याने व्यवहार करतात' ही कसोटी आईवडील, भावंडं, मुलं यांना लागते. पती-पत्नीला ती लागतच नाही. पगार कितीही असो, त्या व्याख्येत आहेतच. म्हणून बंद विंडोत त्यांचीही खरेदी-विक्री बंद, आणि एरवीही कंपनीने ठरवलेल्या मर्यादेवरच्या व्यवहाराला पूर्वपरवानगी.

निकालाच्या काळात डेझिग्नेटेड व्यक्तीच्या पॅनवर त्या शेअरचे व्यवहार आपोआप गोठवले जातात. जवळच्या नातेवाइकांना हे पहिल्या 500 कंपन्यांसाठी 1 जुलै 2025 पासून आणि बाकीच्यांसाठी 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे. तिचा पॅन कंपनीकडे दिलेला नसेल तर आधी तो द्या. पण हे गोठवणं फक्त निकालांपुरतं. एखादा करार शिजतोय म्हणून विंडो बंद केली असेल तर ऑर्डर सिस्टिममधून निघून जाईल, पण नियमभंग होईलच.

कोथरूडकर
पूर्वपरवानगी आत्ताच मागून ठेवली तर?

रोखेबहाद्दर
विक्रीची आत्ता मिळणार नाही. विंडो उघडल्यावर अर्ज करा, अप्रकाशित माहिती जवळ नसल्याचं हमीपत्र जोडा. परवानगी जास्तीत जास्त 7 ट्रेडिंग दिवस टिकते. त्यात विकले नाहीत तर तेही कारणासकट कळवायचं आणि नवा अर्ज करायचा.