सातची शाळा आणि उपाशी पोरं: दोष कुणाचा?

घोडबंदरकरीण:
"आजकालच्या मुलांना नाश्ता नको, नुसते नखरे" हे सोसायटीच्या ग्रुपवर वाचून वीट आला. शाळा सातची, कासारवडवलीहून बस सहाची. म्हणजे पोरगं सव्वापाचला उठणार. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा वाढायला लागतं, झोपेची वेळच पुढे सरकते. अर्धवट झोपेत पोहे पुढे केले तर घास तोंडात फिरतो. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी नकोत असं ठरवलं. ज्यांची झोप खरोखर पुढे सरकते, ती पाचवीपासूनची मुलं मात्र वगळली!

नेरूळचे आजोबा:
घड्याळाला कशाला नावं ठेवता? बारापर्यंत रील्स बघायच्या आणि मग मेलाटोनिन! आम्ही रात्रीची भाकरी दुधात कुस्करून खायचो नि शाळेत जायचो.

घोडबंदरकरीण:
काका, तुम्ही चालत जात होतात. वाटेत माजिवड्याचा सिग्नल नव्हता. मोबाइलचं मात्र खरंय, आमच्याकडेही त्यावरून रोज भांडण.

गणिताच्या बाई:
मी वर्गात उभी असते म्हणून सांगते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्क्यांच्या आसपास. रात्री नऊला जेवलेलं मूल साडेनऊच्या सुट्टीपर्यंत बारा तासांहून जास्त उपाशी. दुसऱ्या तासाला रीत बरोबर आणि वजाबाकी चुकलेली, अशा वह्या ढिगाने तपासते. मुलींची काळजी जास्त वाटते. 'डाएट' म्हणून सकाळचं बंद, मग चहा-खारी, आणि खाण्याबरोबरचा चहा लोह नीट शोषू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. त्याला एकटा नाश्ता जबाबदार नाही, पण दिवसातलं एक खाणं कमी करणं या मुलींना परवडत नाही.

वाशीचा शंकेखोर:
'नाश्ता सर्वांत महत्त्वाचा' हे कॉर्नफ्लेक्ससारखं सीरियल विकणाऱ्या कंपन्यांनीही भरपूर बिंबवलंय. माझा मुलगा नुसतं पाणी पिऊन जातो, मार्क उत्तम. ज्या घरात नाश्ता होतो तिथे झोप, पैसा, शिस्त हेही असतं. सगळं श्रेय उपम्याला कसं?

गणिताच्या बाई:
अर्धं मान्य. तुमचा मुलगा रात्री पोटभर जेवतो. सगळ्यांचं तसं नसतं. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला तो उगाच नाही.

दहावी_ब_ऐरोली:
आम्हाला विचारणार का कुणी? साडेपाचला खाल्लं की मळमळतं. भूक लागते आठला, तेव्हा तास चालू. बसमध्ये खायला बंदी. सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यातली दहा कॅन्टीनच्या रांगेत, हातात समोसा. आई राजगिऱ्याचा लाडू देते तो बाकाखाली लपवून खातो. मागच्या आठवड्यात पकडला गेलो.

गणिताच्या बाई:
माझ्या तासाला खा बाबा. फक्त चिक्की आणू नकोस, कडाकडा वाजते.

नेरूळचे आजोबा:
वर्गात खाणं? उद्या थाळी मागतील!

घोडबंदरकरीण:
पालकसभेत दोनच मागण्या ठेवतेय: आठच्या सुमारास दहा मिनिटांची खाऊची सुट्टी आणि बसमध्ये केळ्याला परवानगी. काका, तुमचा विरोध लिहून द्या, तोही वाचून दाखवते.

वाशीचा शंकेखोर:
सालं कोण उचलणार ते आधी ठरवा.